विचाराला वेळ देणारी लढाई

व्हिडिओ गेममधली लढाई म्हणजे नुसता हाताचा चाळा, असं मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांत गेम खेळणारेही आहेत. कथा असते, चित्रं असतात, संगीत असतं. आणि या सगळ्याच्या मधला वेळ भरून काढायला मारामारी असते, अशी ही समजूत. मला ती मुळीच पटत नाही. एखाद्या गेमला काय म्हणायचं आहे हे त्याच्या संवादांपेक्षा त्याच्या लढाईच्या नियमांत जास्त स्वच्छ दिसतं. आधी वार कोणी करायचा, एकाच्या चुकीची किंमत कोणी मोजायची, शस्त्र कोणाच्या हाती द्यायचं, पडलेल्याला पुन्हा उठता येईल की नाही, हे सगळं नियम करणाऱ्याला ठरवावंच लागतं. ते ठरवताना माणसांबद्दल त्याला काय वाटतं ते आपोआप बाहेर येतं. पात्रांच्या तोंडी गोड भाषणं घालता येतात. नियमांना तशी सोंगं आणता येत नाहीत.

हे लिहायला निमित्त झालं ते ‘मेटाफर: रिफँटॅझिओ’ या जपानी गेमचं. ‘पर्सोना’ मालिकेचे तिसरा, चौथा आणि पाचवा हे भाग दिग्दर्शित करणारे कात्सुरा हाशिनो, चित्रकार शिगेनोरी सोएजिमा आणि संगीतकार शोजी मेगुरो ही मंडळी इथे पुन्हा एकत्र आली आहेत. अ‍ॅटलस या जपानी कंपनीने हा गेम ११ ऑक्टोबर २०२४ रोजी बाजारात आणला. त्याच्या आधी, सप्टेंबरच्या अखेरीला, सुरुवातीचा भाग खेळता येईल असा डेमो फुकट दिला. पूर्ण गेमला सत्तर-ऐंशी तास सहज लागतात. मी बोलतो आहे ते डेमो आणि त्याच्या पुढचे काही तास एवढ्यावरून. कथेच्या शेवटाबद्दल इतक्यात मत देणं बरोबर नाही, पण लढाईची घडण पहिल्या काही तासांतच पुरेशी कळते आणि तिच्यावर बोलता येतं.

कथा थोडक्यात सांगतो. एका राज्याच्या राजाचा खून होतो. राजपुत्र आधीपासूनच शापाने निपचित पडलेला. राजाच्या अंत्यविधीच्या वेळी अशी जादू प्रकटते की ज्याच्यामागे सगळ्यांत जास्त जनता उभी राहील तोच पुढचा राजा. राज्यात अनेक जमाती आहेत, त्यांच्यात उच्चनीच आहे, आणि आपला नायक सगळ्यांत तुच्छ मानल्या गेलेल्या एल्डा जमातीचा. त्याच्याजवळ एक पुस्तक आहे. माणसामाणसांत भेद नसलेल्या एका कल्पित जगाचं त्यात वर्णन आहे.

आता मी जिथे बसून हे लिहितो त्या देवरीबद्दल. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती धानाच्या बांध्या आणि जंगल. इथल्या पोरांना गेम नवे नाहीत. पानठेल्याच्या बाकावर, कॉलेजच्या कट्ट्यावर माना खाली घालून बसलेली टोळकी रोज दिसतात. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने परत आला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला तर पोरं फ्री फायर मॅक्सवर गेली. सरकारी आदेश येत-जात राहिले, खेळ थांबला नाही. या खेळांचा साचा ठरलेला आहे. पन्नास-शंभर जणांना एका बेटावर सोडायचं आणि शेवटी जो उरेल तो, किंवा जी टोळी उरेल ती, जिंकली. त्यात चपळाई लागते, नेम लागतो, चौघांच्या टोळीत एकमेकांना सांभाळून घेणंही लागतं. मी त्याला कमी लेखत नाही. पण विचार करायला तिथे डोळ्याची पापणी लवते एवढाच वेळ. जो थांबला तो मेला. आणि देवरीच्या बहुतेक पोरांनी लढाईचा खेळ म्हणून एवढा एकच प्रकार पाहिलेला आहे.

‘मेटाफर’ ज्या जातकुळीचा आहे त्या जपानी भूमिका-खेळांची (रोल-प्लेइंग गेम्सची) लढाई याच्या अगदी उलट टोकाला उभी आहे. ती आळीपाळीने होते. आपण वार करतो तेव्हा शत्रू उभा राहतो. त्याची वेळ येते तेव्हा आपण उभे राहतो. आपला डाव चालू असताना कितीही वेळ घ्या, समोरचा राक्षस जागचा हलत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्या पोरांना याचं हसू येतं. खरी लढाई अशी असते का, हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे.

या पद्धतीचा उगम साधा आहे. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून फासे टाकत खेळायच्या अमेरिकन खेळातून ती संगणकावर आली, १९८१ च्या ‘विझर्ड्री’मध्ये स्थिरावली आणि तिथून युजी होरीई यांनी ती १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये घेतली. त्या वेळच्या जपानी यंत्रावर दोन मुख्य बटणं होती आणि पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ सगळा मिळून ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला होता. धावत्या लढाईचा पसारा त्यात मावला नसता. म्हणून टीकाकार म्हणतात की ही पद्धत गरजेपोटी आलेली आहे, आता यंत्रं दांडगी झाली, आता ती कशाला हवी? ‘फायनल फँटसी’ने १९९१ च्या चौथ्या भागातच घड्याळ चालू ठेवायला सुरुवात केली आणि २०२३ च्या सोळाव्या भागापर्यंत तर पाळीची पद्धत पूर्णच सोडून दिली. पण एखादी गोष्ट गरजेतून आली म्हणून ती गरजेपुरतीच असते असं नाही. ओवी काही छापखाना नव्हता म्हणून पाठांतराला सोपी पडावी एवढ्यासाठी जगली नाही. चाळीस वर्षं लोक एखादा प्रकार घासूनपुसून सुधारत राहतात तेव्हा त्यात दुसरं काहीतरी सापडलेलं असतं.

ते काय आहे हे ‘मेटाफर’ची एकच लढाई नीट पाहिली तरी कळतं.

लढाईचे दोन टप्पे आहेत. आधी मोकळ्या मैदानात तुम्ही पळता, शत्रूवर चालून जाता, वार करता, वार चुकवता. इथे घड्याळ चालू असतं. शत्रू तुमच्यापेक्षा फार कच्चा असेल तर तो तिथेच पडतो, पुढची लढाई होतच नाही. तो तोडीचा किंवा वरचढ असेल तर त्याला मैदानातच गरगरवून टाकायचं आणि मग बटण दाबून पाळीच्या लढाईत उतरायचं. म्हणजे तो सुरुवातीलाच लंगडा पडतो. उलट त्याने आधी तुम्हाला गाठलं तर पहिली पाळी त्याची, आणि कधी कधी एवढ्यातच सगळा संघ आडवा होतो. चपळाईला जागा आहे, पण ती उंबरठ्यापर्यंत. आत शिरल्यावर घड्याळ थांबतं.

आत तुमच्या संघात जितके सोबती तितकी चिन्हं पडद्यावर दिसतात. साधा वार केला की एक चिन्ह खर्च होतं. प्रत्येक शत्रू कशाला ना कशाला कच्चा असतो: कोणी आगीला, कोणी बर्फाला, कोणी तलवारीला, कोणी भाल्याला. नेमका तोच मारा केला तर अर्धंच चिन्ह जातं, आणि राहिलेल्या अर्ध्यावर पुढच्या सोबत्याला आणखी एक डाव मिळतो. नेम चुकला, किंवा मारा शत्रूवर लागूच पडला नाही, तर दोन चिन्हं एकदम जातात. मारा त्याने परतवून लावला किंवा गिळून टाकला तर सगळी चिन्हं संपतात आणि पाळी शत्रूकडे जाते. आपल्याला काही सुचत नसेल तर डाव पुढच्याच्या हाती सोपवता येतो. त्यालाही अर्धंच चिन्ह लागतं. आणि हाच कायदा शत्रूलाही लागू आहे. त्याचा नेम चुकला तर त्याच्याही पाळ्या कमी होतात. म्हणून कधी कधी स्वतः मारण्यापेक्षा समोरच्याचा नेम चुकेल अशी व्यवस्था करणं जास्त फायद्याचं ठरतं.

ही रचना अ‍ॅटलसने २००३ च्या ‘शिन मेगामी तेन्सेई ३: नॉक्टर्न’मध्ये पहिल्यांदा आणली. इथे तिला नवी जोड आहे: पुढची आणि मागची रांग. पुढे उभा असलेला जोरात मारतो, मागे असलेल्याला शरीरावरचे वार कमी लागतात, आणि रांग बदलायला पाळी खर्ची पडत नाही.

या नियमात एक गोष्ट ठासून सांगितलेली आहे. पाळी कोणा एकाची नाही, ती संघाची आहे. मी घाईने वार केला आणि चुकलो, तर माझ्या मागे उभ्या असलेल्या सोबत्याचा डाव मी खाल्ला. मी शत्रूची नस बरोबर ओळखली, तर माझ्या शहाणपणाचं फळ दुसऱ्याच्या हाती पडलं. पराक्रमाची मोजदाद इथे एकट्याच्या नावावर होत नाही.

हे कोणाला परकं वाटत असेल तर त्याने कबड्डी आठवावी. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. रात्री नाटक नाहीतर दंडार, आणि दिवसा मोकळ्या बांधीत कबड्डीचे सामने. कबड्डी हा आपला पाळीने लढायचा खेळ आहे. सात विरुद्ध सात असले तरी सगळे एकदम एकमेकांवर तुटून पडत नाहीत. एक चढाईला जातो, तीस सेकंदांत परत येतो किंवा धरला जातो. मग समोरचा येतो. चढाई करणारा ज्यांना शिवून परतला ते बाद होतात, आणि त्याच्या प्रत्येक गुणामागे त्याचे बाद झालेले गडी एकेक करून जिवंत होतात. तो पकडला गेला तर समोरच्यांचा एक गडी उठतो. म्हणजे चूक एकाची, जीव मात्र दुसऱ्या संघातल्या कोणाला तरी मिळतो. याला पूर्वी संजीवनी म्हणत. बाद झालेला डाव संपेपर्यंत बाहेरच राहील अशी गामिनी होती, शिवलेला गडी मैदान सोडतच नाही अशी अमर होती. या तीन तऱ्हांतून लोकांनी संजीवनी उचलून धरली. ज्या खेळात पडलेल्याला उठवण्याची जबाबदारी उभ्या असलेल्यावर असते तोच खेळ टिकला, यात मला लोकांची पारख दिसते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगासमोर दाखवलेल्या देशी खेळांत कबड्डी होती. पुढे २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत जपानच्या पुरुष संघाने कबड्डीचं कांस्यपदक घेतलं.

कबड्डीत कोणी म्हणत नाही की खऱ्या मारामारीत समोरचे सात जण असे हातात हात घालून वाट बघत उभे राहतील का. खेळाला खोटं ठरवायची ती कसोटीच नव्हे. एका माणसाची एक चाल सगळ्यांना दिसावी, तोलता यावी, तिचा हिशेब लागावा, म्हणून बाकीच्यांनी थांबायचं असतं. पाळीच्या लढाईला लागलेला ‘खोटेपणा’चा आरोप मी याच कारणासाठी फेटाळतो.

आणि थांबलेल्या वेळेचं म्हणाल तर मराठी वाचकाला ती कल्पना अवघड जाऊ नये. दोन्ही सैन्यं सज्ज, शंख वाजलेले, आणि मधोमध रथ उभा करून अर्जुन धनुष्य खाली ठेवतो. गीतेचे अठरा अध्याय बोलणं होतं तोवर एकही बाण सुटत नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये त्यावर मराठीत टीका लिहिली, तिचा पहिला अध्याय विषादाचा आहे. लढाईच्या तोंडावर शूराच्या मनात भय आणि संभ्रम दाटतो, आणि तो दाबून टाकण्याऐवजी त्याच्याशी बोलण्यासाठी काळ थांबवला जातो, ही आपल्या वाङ्मयातली फार मोठी जागा आहे. ‘मेटाफर’चा विषयही भयच आहे. त्याच्या जगातली जादू माणसाच्या मनातल्या अस्वस्थतेशी जोडलेली आहे, आणि शक्ती जागी होते ती आपली भीती ओळखून तिच्यासमोर उभं राहिल्यावर. नायक आपलं हृदय उपसून हातात घेतो आणि त्याच्याकडे तोंड करून आपला निश्चय बोलतो, मग लढतो. पाहायला ते दचकवणारं आहे. पण मला त्यात एक प्रामाणिकपणा वाटतो. शस्त्र उचलण्याआधी आपण का उचलतो आहोत हे मोठ्याने सांगावं लागतं.

या लढायांच्या मागे जे संगीत आहे त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेगुरो यांनी त्यासाठी एका बौद्ध भिक्खूचा आवाज घेतला. तो भिक्खू वेगाने, अखंड, एका लयीत पठण करत जातो आणि मागे पाश्चात्त्य वाद्यमेळ गर्जत असतो. पठणाची भाषा एस्परांतोच्या धर्तीवर घडवलेली आहे. एस्परांतो म्हणजे १८८७ मध्ये एका डॉक्टरने कोणत्याच देशाची, कोणत्याच वंशाची नसावी म्हणून तयार केलेली भाषा. जमातींच्या उतरंडीवरच्या गेममध्ये लढाईच्या वेळी नेमकी ही भाषा कानी पडावी, ही निवड फार जपून केलेली आहे. विदर्भाच्या कानाला भिक्खूचं पठण अनोळखी नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ते आमच्या घरांत, विहारांत आहे. नागपूरजवळच्या कामठीत तर जपानी देणगीतून उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ पासून आहे. तलवारी खणखणत असताना तसलाच एक स्वर ऐकू येतो तेव्हा आमच्याकडचा माणूस क्षणभर हात थांबवून ऐकेल, याची मला खात्री आहे.

आता मला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट. या गेममध्ये लढवय्याचे प्रकार चाळीसहून जास्त आहेत: योद्धा, मांत्रिक, वैद्य, रक्षक आणि असे कितीतरी. त्यांना आद्यरूपं म्हणू. कथेत प्रत्येक सोबत्याच्या वाट्याला आधी एक रूप येतं. सरदार घराण्यातला स्ट्रोल योद्धा होतो. त्याचं गाव राक्षसांनी जाळलेलं आहे आणि त्याच रागातून त्याची शक्ती जागी होते. पण पुढे कोणालाही जवळजवळ कोणतंही रूप शिकता येतं. एखाद्याला एखादं सोपं जातं, कोणाला त्यासाठी जास्त खपावं लागतं, एवढाच फरक. जमात कोणती हे कोणी विचारत नाही. ज्या राज्यात रस्त्यावर एल्डाला पाहून लोक तोंड फिरवतात, दुकानदार टोमणे मारतात, त्याच राज्याच्या कथेत लढाईचा कायदा मात्र म्हणतो की शिकेल त्याचं शस्त्र.

महाभारतात याच जागी दोन जखमा आहेत. रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य त्याचं कुळ विचारतात. आणि निषादांचा एकलव्य अरण्यात स्वतःच्या मेहनतीने शिकतो, तेव्हा त्याचा अंगठा मागून घेतला जातो. देवरी तालुक्यात बोरगाव बाजारला आदिवासी मुलांसाठी एकलव्याच्या नावाची निवासी शाळा आहे, देवरीत आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. गोंड, हलबा आणि इतर समाजांची मुलं इथे शिकतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न पुराणातला नाही. कोण काय शिकू शकतो हे आधीच ठरवून टाकलेल्या नजरा त्यांना रोज भेटतात. म्हणून मी म्हणतो की ‘मेटाफर’चं जातिभेदाविरुद्धचं खरं विधान त्याच्या संवादांत कमी आणि या नियमात जास्त आहे. संवाद ऐकून माणूस मान डोलावतो आणि विसरतो. नियमाप्रमाणे तासन्‌तास खेळताना मात्र, कोणाच्याही हाती कोणतंही शस्त्र देता येतं हे हाताला सवयीचं होतं.

पण याच नियमांत काही दोषही आहेत आणि ते लहान नाहीत.

पहिला, हिशेबाचा. शत्रूची कमजोरी एकदा कळली की पुढच्या वेळी विचार उरत नाही, पाठांतर उरतं. आगीला कच्चा असेल तर आग, बर्फाला असेल तर बर्फ. चांगल्या लढाया याच्या पलीकडे जातात, शत्रू आपली कमजोरी मध्येच बदलतो किंवा झाकतो. मधल्या फळीतल्या कितीतरी लढाया मात्र पाढे म्हटल्यासारख्या होतात. दुसरा, परतीचा. लढाई बिघडली तर एका बटणावर ती पहिल्यापासून सुरू करता येते. सोय म्हणून ती ठीक आहे. पण चुकीची किंमत सगळ्या संघाने मोजायची हा ज्या नियमाचा जीव, त्याच्यावरच ही सोय पाणी ओतते. मी ते बटण वापरणं सोडून दिलं, आणि तेव्हा लढाईला वजन आलं.

तिसरा दोष मला जास्त टोचतो. ‘शिन मेगामी तेन्सेई’ मालिकेत लढता लढता शत्रूशी बोलता येतं. त्याला समजवायचं, काही द्यायचं, कधी त्याची थट्टा सोसायची, आणि पटलं तर तो आपल्या बाजूला येतो. जपानी बुद्धिबळात, शोगीत, हेच मुळाशी आहे: मारलेली सोंगटी मरत नाही, ती मारणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरते. आपल्या चतुरंगाच्या वंशातल्या खेळाला जपानने दिलेलं हे वळण मला थोर वाटतं. ‘मेटाफर’मध्ये ती वाट नाही. समोरचा फक्त पाडायचा. त्यात मोठ्या राक्षसांना त्या जगातले लोक ‘माणूस’ म्हणतात, त्यांचे आकार हिएरोनिमस बॉश या पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराच्या चित्रांतून उचललेले आहेत. इतकं सुचवून ठेवल्यावर त्यांच्याशी एक शब्दही बोलता येऊ नये? कथेत पुढे याचं उत्तर असेलही. पण नियमात ते नाही, आणि मी सुरुवातीला म्हटलं तसं, मला नियमांची साक्ष जास्त महत्त्वाची वाटते.

देवरीत बसून याबद्दल इतकं लिहावंसं वाटतं त्याला आणखी एक कारण आहे. सालेकसा-देवरीचा हा जंगलपट्टा अनेक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. बंदूक म्हणजे काय हे इथल्या मागच्या पिढीला पडद्यावरून कळलेलं नाही. समोरचा कोण आहे हे पाहायला कोणी थांबत नाही तेव्हा काय होतं, ते गावांनी सोसलं आहे. गेम खेळून पोरं हिंसक होतात, असं मी म्हणत नाही. तो निष्कर्ष फार सहज काढला जातो आणि त्याला आधार कमी. मी एवढंच म्हणतो की संघर्षाची चित्रं मुलांसमोर ठेवायचीच असतील, तर ज्यात थांबणं ही ताकद आहे असंही एखादं चित्र त्यांच्यासमोर असावं.

अडचण भाषेची आहे, आणि ती खरी अडचण आहे. पळापळीच्या गेमला भाषा लागत नाही. निशाण दिसलं की गोळी झाडायची. पाळीची लढाई वाचावी लागते. हे कौशल्य काय करतं, किती चिन्हं घेतं, कोणावर चालतं, हे सगळं अक्षरांत आहे. ‘मेटाफर’ मराठीत नाही, हिंदीतही नाही. ज्या पोराची घरची भाषा गोंडी नाहीतर झाडीबोली, शाळेची मराठी, त्याने हा गेम इंग्रजीत खेळायचा. शिवाय या गेमला चांगला संगणक नाहीतर गेम खेळायचं यंत्र लागतं, ते घरोघरी नाही. म्हणजे विचाराला वेळ देणारी लढाई ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांच्याकडे जाते, आणि बाकीच्यांच्या हाती फुकटातला मोबाईल गेम येतो.

याचं उत्तर जपानकडे मागण्यात अर्थ नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ करून दाखवला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांनी सांगितलेली कथा, पहाडी चित्रशैलीची छाप असलेले महाल. त्यातली लढाई चपळ आणि देखणी आहे, पण धावती आहे. महाराष्ट्रात असं काम होऊ शकतं हे त्यांनी सिद्ध केलं आहे. आता कोणीतरी पाळीने लढायचा गेम मराठीत करावा. त्याला मोठं यंत्र लागत नाही. ६४ किलोबाइटमध्ये तो चाळीस वर्षांपूर्वी मावला होता, साध्या मोबाईलवर आज सहज चालेल. कबड्डीची संजीवनी आहे, मंडईतली दंडार आहे, कचारगडच्या गुहांशी जोडलेली गोंडांची पारी कुपार लिंगोची परंपरा आहे. ती परंपरा ज्यांची आहे त्यांना विचारून, त्यांच्यासोबत बसून काम केलं तर सामग्रीला तोटा नाही.

तोवर ज्यांच्या घरी बरा संगणक आहे त्यांना माझं सांगणं आहे. ‘मेटाफर’चा डेमो फुकट आहे आणि त्यात खेळलेलं पुढे पूर्ण गेममध्ये नेता येतं. तो घरातल्या, शेजारच्या एखाद्या मुलासोबत बसून खेळा. इंग्रजी ओळी त्याला मराठीत वाचून दाखवा, आणि वार कोणता करायचा ते त्याला ठरवू द्या. त्याने पाच मिनिटं घेतली तरी चालेल. समोरचा राक्षस थांबतो.